परदेशी कॅप्टन का आणावे लागतात?

तासगावच्या एका द्राक्षबागायतदाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या मुलीने दोन वर्षांपूर्वी व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला. त्यासाठी घरचे आणि बँकेचे मिळून साठ लाख रुपये खर्च झाले. तिच्या लॉगबुकात २१० तासांची नोंद आहे आणि अजून एकाही विमान कंपनीने तिला बोलावलेले नाही. दुसरीकडे, कॅप्टन मिळत नाहीत म्हणून कंपन्या परदेशी वैमानिक आणत आहेत, असे ते वर्तमानपत्रात वाचतात. आपली मुले घरी बसलेली असताना बाहेरची माणसे कशाला, हा त्यांचा पहिला प्रश्न. आणि कर्जाचे हप्ते चालू असताना टाइप रेटिंगसाठी, म्हणजे एका ठरावीक प्रकारच्या विमानाच्या प्रशिक्षणासाठी, आणखी पैसे घालावेत का, हा दुसरा.

मी सव्वीस वर्षे प्रवासी विमाने चालवली, त्यांतील शेवटची अकरा वर्षे प्रशिक्षक कॅप्टन म्हणून, आणि निवृत्तीनंतर साताऱ्यात राहते. माझ्या नोकरीच्या पूर्वार्धात परदेशी कॅप्टनच्या शेजारी बसून मी शिकले, आणि उत्तरार्धात भारतात नव्याने आलेल्या परदेशी कॅप्टनची तपासणी उड्डाणे घेतली. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला आतून माहीत आहेत, आणि पहिल्या प्रश्नामागची तळमळ मला पूर्णपणे समजते. तरीही उत्तराची सुरुवात एका अप्रिय वाटेल अशा विधानाने करावी लागेल: परदेशी कॅप्टनने तुमच्या मुलीची जागा घेतलेली नाही. उलट तो डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या, खुर्चीत बसला नसता, तर ते विमान उडाले नसते आणि सहवैमानिकाची उजवी खुर्चीही रिकामीच राहिली असती.

गोंधळ 'वैमानिक' या एका शब्दामुळे होतो. बातमीत 'वैमानिकांचा तुटवडा' असे छापून येते आणि वाचणाऱ्याला वाटते की परवाना असलेली माणसे कमी आहेत. ती कमी नाहीत. एकट्या २०२३ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. प्रवासी विमानात मात्र दोन वेगळी पदे असतात. उजवीकडे फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, बसतो. डावीकडे कॅप्टन, म्हणजे कायद्याने त्या विमानाची आणि त्यातील प्रत्येक जिवाची जबाबदारी ज्याच्यावर असते तो, बसतो. पहिल्या पदासाठी देशात रांग आहे, दुसऱ्यासाठी माणसे नाहीत.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे कोलमडली तेव्हा ही गोष्ट आकड्यांतच दिसली. वैमानिकांच्या विश्रांतीचे सुधारित नियम १ नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू झाले होते: साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली होती, 'रात्र' पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली जाऊ लागली होती आणि रात्रीच्या वेळी उतरण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणली होती. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत अडीच हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. त्या वेळी जाहीर झालेल्या आकड्यांनुसार कंपनीच्या एअरबस ताफ्याला २,४२२ कॅप्टन हवे होते आणि होते २,३५७. सहवैमानिक २,१५३ हवे होते आणि होते २,१९४. म्हणजे ज्या कंपनीत कॅप्टन ६५ ने कमी होते, त्याच कंपनीत सहवैमानिक ४१ ने जास्त होते. तुमच्या मुलीला कोणी का बोलावत नाही आणि त्याच वेळी परदेशी माणूस का आणला जातो, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर या चार आकड्यांत आहे.

मग सहवैमानिकालाच कॅप्टन का करत नाहीत? करतातच, पण त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ पैशाने कमी करता येत नाही. कॅप्टन होण्यासाठी एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट परवाना लागतो. त्यासाठी वय किमान २१ वर्षे आणि उड्डाणाचे किमान १,५०० तास हवेत, त्यांत रात्रीच्या उड्डाणाचे आणि स्वतः प्रमुख म्हणून केलेल्या उड्डाणाचे तास वेगळे मोजले जातात. ही झाली कायद्याची अट. बहुतेक कंपन्या त्याहून अधिक अनुभव मागतात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. नियमाने कोणत्याही वैमानिकाला वर्षात १,००० तासांपेक्षा जास्त उडता येत नाही. रजा, वैद्यकीय तपासणी, सिम्युलेटरचे दिवस आणि राखीव म्हणून घरी थांबण्याचे दिवस वजा केले की वर्षाला सातशे ते आठशे तास हातात राहतात. आज कामाला लागलेली मुलगी उत्तम असली, एकाही तपासणीत अडकली नाही आणि कंपनीकडे विमाने पुरेशी असली, तरी तीन हजार तासांपर्यंत पोहोचायला तिला चार वर्षे लागतील.

आता मागणीकडे पाहा. अरुंद धडाचे एक विमान दिवसाला बारा तास उडते असे धरले, तर ते वर्षाला सुमारे ४,४०० तास हवेत असते. सातशे-आठशे तासांचा एक कॅप्टन, या हिशोबाने एका विमानामागे किमान सहा कॅप्टन आणि तितकेच सहवैमानिक लागतात. लांब पल्ल्याच्या विमानावर एकाच उड्डाणात तीन-चार वैमानिक असतात, त्यामुळे तिथे हा आकडा आणखी वाढतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची घोषणा केली आणि जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. ही सारी विमाने एकदम येत नाहीत आणि काही जुन्यांच्या जागी येतात, हे मान्य. तरी शंभर विमाने वाढली की सहाशे कॅप्टन वाढवावे लागतात, आणि हे सहाशे जण ज्या दिवशी विमान येते त्या दिवशी तयार असावे लागतात. त्यासाठी त्यांना चार-पाच वर्षे आधी उजव्या खुर्चीत बसवलेले असावे लागते.

तुमच्या धंद्यातले उदाहरण देते. तुमच्याकडे द्राक्षाला जो डॉगरिजचा खुंट वापरतात, तो मुळात अमेरिकेतला. आपल्या पाण्यात आणि आपल्या मातीत आपल्या मुळांवर बाग टिकेना, म्हणून तो आणला गेला, आणि त्यावर कलम मात्र आपल्याला हव्या त्या जातीचे बांधले गेले. बाहेरचा खुंट आणल्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. तक्रार करावी ती खुंट लावून त्यावर कलमच न बांधणाऱ्याबद्दल. परदेशी कॅप्टनबाबत माझे म्हणणे नेमके हेच आहे, आणि आपल्या विमान कंपन्यांनी ही चूक पुन्हा पुन्हा केली आहे.

या चुकीचा इतिहास जुना आहे. १९९२ च्या अखेरीस इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप चालू असताना उझबेकिस्तानहून टुपोलेव्ह विमान चालकांसह भाड्याने आणले गेले. ९ जानेवारी १९९३ रोजी ते दिल्लीत उतरताना धावपट्टीच्या बाजूला आदळून उलटले आणि पेटले. आतील १६५ जण वाचले. त्यानंतरची मोठी लाट २००३ नंतरची. एअर डेक्कन, स्पाइसजेट, किंगफिशर, गोएअर आणि २००६ मध्ये इंडिगो, अशा कंपन्या तीन वर्षांत उभ्या राहिल्या आणि देशात जेवढे कॅप्टन होते त्यांच्यावर ओढाताण सुरू झाली. त्या काळात परदेशी कॅप्टन शेकड्यांनी आले. डीजीसीएने त्यांना परत पाठवण्याची मुदत ठरवली, ती वाढवली, पुन्हा ठरवली आणि पुन्हा वाढवली. मग उलटा फेरा आला. २०१२ मध्ये किंगफिशर, २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज, २०२३ च्या मेमध्ये गो फर्स्ट बंद पडली आणि प्रत्येक वेळी अनुभवी माणसे एकदम बाजारात आली. ती दुसऱ्या कंपन्यांत सामावली गेली, किंवा आखाती देशांत निघून गेली. कंपन्यांना त्यामुळे सवय लागली की कॅप्टन तयार करण्याची गरज नाही, दुसऱ्याची कंपनी बुडाली की ते मिळतात. माझ्या दृष्टीने आजच्या अडचणीचे मूळ या सवयीत आहे. परदेशी माणूस हे तिचे केवळ दिसणारे टोक आहे.

त्या लाटेत माझीही परीक्षा झाली. २००६ साली माझ्या लॉगबुकात चार हजारांहून अधिक तास होते, कमांडच्या, म्हणजे कॅप्टनपदाच्या, लेखी परीक्षा झाल्या होत्या, आणि तरीही मी ज्या कंपनीत होते तिने आमच्या तुकडीचे कॅप्टनपदाचे प्रशिक्षण चौदा महिने पुढे ढकलले. कारण असे सांगितले गेले की प्रशिक्षक कॅप्टनना शिकवण्यात गुंतवले तर रोजची उड्डाणे चालवायला माणसे उरत नाहीत. त्याच काळात कंपनीने परदेशी कॅप्टन आणले. त्यांना पगार डॉलरमध्ये, सहा आठवडे काम आणि दोन आठवडे घरी जायला रजा, राहण्याची सोय वेगळी. शेजारी बसणाऱ्या आम्हा लोकांना हे सगळे दिसत होते आणि मनाला लागत होते. त्या वेळी माझा राग त्या माणसांवर होता. तो चुकीच्या ठिकाणी होता, हे समजायला मला काही वर्षे लागली.

प्रशिक्षणाचे हे गणित नीट समजून घ्यायला हवे, कारण बाहेरच्या माणसाला ते दिसत नाही. सहवैमानिकाला कॅप्टन करायचे, म्हणजे आधी जमिनीवरचे वर्ग, मग सिम्युलेटरवर डाव्या खुर्चीतून इंजिन बंद पडणे, आग, केबिनमधील दाब जाणे यांसारखे प्रसंग हाताळण्याची परीक्षा, आणि त्यानंतर प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांवर महिनोन्महिने देखरेखीखालील काम. या शेवटच्या टप्प्यात उजव्या खुर्चीत सहवैमानिक नसतो, तिथे प्रशिक्षक कॅप्टन बसतो. म्हणजे एक नवा कॅप्टन घडत असताना एका विमानावर एक पूर्ण अनुभवी कॅप्टन गुंतलेला असतो. कॅप्टन मुळातच कमी असतील, तर कंपनी तो गुंतवायला तयार होत नाही; तो गुंतवला नाही, तर पुढच्या वर्षी कॅप्टन आणखी कमी पडतात. हे चक्र तोडण्याची एकच रीत आहे: काही काळ बाहेरून कॅप्टन आणायचे, त्यांना रोजच्या उड्डाणांवर ठेवायचे आणि आपले प्रशिक्षक मोकळे करून आपली माणसे वर आणायची. परदेशी वैमानिकाचा उपयोग असा केला, तर तो देशाच्या फायद्याचा आहे. तो केवळ वेळापत्रक सांभाळण्यासाठी केला, तर तीच भरती दर वर्षी करावी लागते.

परदेशी कॅप्टन कोणत्या दाराने येतो, हेही सांगते. कंपनी डीजीसीएकडे अर्ज करते आणि त्या व्यक्तीला परदेशी वैमानिकांसाठीची तात्पुरती परवानगी मिळते. आमच्या बोलण्यात तिला 'फाटा' म्हणतात. त्याआधी त्याच्या देशाचा परवाना आणि त्याच प्रकारच्या विमानावरील कॅप्टनपदाचा अनुभव तपासला जातो, गृह मंत्रालयाची सुरक्षा मंजुरी लागते, वैद्यकीय तपासणी होते, भारतीय नियमांवर परीक्षा होते आणि मग आपल्या मार्गांवर परिचय उड्डाणे करावी लागतात. ही परवानगी ठरावीक मुदतीची असते आणि ती माणसाच्या नव्हे तर गरजेच्या नावाने दिली जाते. सर्वांत जास्त गरज पडते ती देशात नव्याने येणाऱ्या विमानप्रकारांवर. जानेवारी २०२४ मध्ये एअर इंडियाने एअरबसचे ए३५० सेवेत आणले, तेव्हा भारतात त्या विमानावर कॅप्टन म्हणून उडालेला माणूस असणार कुठून? लहान कंपन्यांची स्थितीही अशीच होते. ज्या विमानप्रकाराची देशात थोडीच विमाने आहेत, त्यावरचे अनुभवी कॅप्टनही देशात थोडेच असतात, आणि त्यांतील पाचजण एका महिन्यात सोडून गेले तरी वेळापत्रक विस्कटते.

दुसरे दार आहे वेट लीजचे. त्यात विमान, वैमानिक, देखभाल आणि विमा हे सगळे परदेशी कंपनीकडून एकत्र भाड्याने येते. इंडिगोने २०२३ पासून तुर्की कंपनीची बोइंग ७७७ आणि २०२५ मध्ये नॉर्वेच्या नॉर्स कंपनीची बोइंग ७८७ अशी घेतली. यातून एकही भारतीय कॅप्टन घडत नाही, कारण दोन्ही खुर्च्या त्यांच्या असतात. शिवाय अशा करारावर राजकारणाची सावली पडते. मे २०२५ मध्ये भारत आणि तुर्कस्तानचे संबंध ताणले गेले, तेव्हा त्या कराराला अवघी तीन महिन्यांची मुदतवाढ मिळाली. तुमचा आक्षेप कुठे लावायचा असेल तर तो इथे लावावा, असे मला वाटते. 'फाटा'वर आलेल्या कॅप्टनशेजारी निदान आपला एक सहवैमानिक शिकत असतो.

सुरक्षिततेचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो टाळून हे उत्तर पूर्ण होणार नाही. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले आणि १५८ जणांचा मृत्यू झाला. कॅप्टन परदेशी होते, सहवैमानिक भारतीय. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत निष्पन्न झाले की कॅप्टन उड्डाणाचा बराच काळ झोपले होते, विमान उतरताना खूप उंच आणि वेगात होते, आणि सहवैमानिकाने 'गो-अराउंड', म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चला, असे तीनदा सांगूनही कॅप्टनने उतरणे थांबवले नाही. त्या कॅप्टनच्या खात्यावर दहा हजारांहून अधिक तास होते आणि मंगळूर त्यांना नवे नव्हते. त्यामुळे या अपघाताचे कारण राष्ट्रीयत्व आहे, असे मी म्हणणार नाही. मात्र एवढे खरे की दोन वेगळ्या देशांतील, वेगळ्या पगारांची आणि वेगळ्या पायऱ्यांवरची माणसे शेजारी बसतात, तेव्हा कनिष्ठाला ज्येष्ठाच्या हातातून विमान काढून घेण्याइतके धैर्य देणे हे कंपनीचे काम असते, आणि ते कागदावरच्या एका दिवसाच्या वर्गाने होत नाही.

७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला भर पावसात उतरताना विमान धावपट्टीच्या पुढे गेले आणि दोन्ही वैमानिकांसह एकवीस जणांचा मृत्यू झाला. तिथे कॅप्टन भारतीय होते, अनुभवी होते. त्या अपघाताच्या तपास अहवालात इतर कारणांबरोबर हेही नोंदवले आहे की कोझिकोडच्या तळावर कॅप्टनची संख्या अपुरी होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण चालवण्यासाठी परत पोहोचण्याची ओढ निर्णयामागे होती. मी हा अहवाल वाचला तेव्हा बराच वेळ पुढचे पान उलटवू शकले नाही, कारण 'उद्याचे उड्डाण कोण नेणार' हा विचार घेऊन मीही अनेकदा उतरले आहे. कॅप्टनचा तुटवडा म्हणजे केवळ रद्द झालेली उड्डाणे नव्हेत. तो कॉकपिटमध्ये, पावसात, निर्णयाच्या क्षणी माणसाच्या खांद्यावर येऊन बसतो. बाहेरून कॅप्टन आणून तो भार हलका होत असेल, तर माझा त्याला पाठिंबा आहे.

एक अनुभव सांगते, म्हणजे परदेशी कॅप्टन सरसकट कसे असतात हा प्रश्न किती निरर्थक आहे ते कळेल. जून महिना, रात्रीची वेळ, मुंबईला उतरणे. माझ्या डावीकडे पूर्व युरोपातील एक कॅप्टन होते. बर्फात, गोठलेल्या धावपट्टीवर त्यांनी आयुष्य काढले होते, पण आपला मान्सून त्यांचा पहिलाच. रडारवर ढगांच्या दोन पुंजक्यांमध्ये मोकळी वाट दिसत होती आणि त्यांना त्या वाटेने जायचे होते. मी त्यांना सांगितले की सह्याद्रीच्या बाजूने येणारे हे ढग दहा मिनिटांत एकमेकांना मिळतात, आणि आपण मध्ये असताना वाट बंद होईल. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, 'हे तुमचे आकाश आहे, तुम्ही सांगा.' आम्ही बाहेर थांबून घिरट्या घातल्या आणि शेवटी अहमदाबादला गेलो. खाली उतरल्यावर त्यांनी वही काढून मला त्या ढगांविषयी तासभर प्रश्न विचारले. उड्डाणानंतर स्वतःच्या चुका सहवैमानिकासमोर मोकळेपणाने मोजायच्या, ही सवय मला त्यांनीच लावली. आपल्याकडच्या ज्येष्ठांकडून ती मला मिळाली नव्हती. याउलट मी एका परदेशी कॅप्टनला तपासणीत नापासही केले आहे, कारण तो शेजाऱ्याचे ऐकतच नव्हता.

आपले कॅप्टन बाहेर का जातात, यावर फार लिहीत नाही. आखाती कंपन्यांचे पगार, करमुक्त उत्पन्न, मुलांची शाळा, ठरलेली रजा ही कारणे उघड आहेत. डीजीसीएने २०१७ मध्ये कॅप्टनसाठी नोकरी सोडण्यापूर्वी एक वर्षाच्या नोटिशीची अट घातली, तरी गळती थांबलेली नाही. माणसाला बांधून ठेवण्यापेक्षा रोस्टर, म्हणजे कामाचे वेळापत्रक, माणसाला झेपेल असे ठेवणे अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. माझ्या ओळखीचे जे कॅप्टन गेले, त्यांतील बरेच पगारासाठी नव्हे तर झोपेसाठी गेले.

माझ्या हाती असते, तर मी परदेशी परवानगीला एक अट जोडली असती: जितके परदेशी कॅप्टन, तितके भारतीय सहवैमानिक त्याच काळात कमांडच्या प्रशिक्षणात, नावानिशी, आणि मुदतवाढ मागताना त्यांची प्रगती दाखवायची. आज मुदतवाढीसाठी गरज दाखवावी लागते. गरज तर नेहमीच असते, कारण ती संपवण्याची सक्ती कोणावरच नाही.

आता तुमच्या मुलीकडे वळते. तिला बोलावणे का येत नाही, याची तीन कारणे मला दिसतात. पहिले वर आले आहे: कॅप्टन वाढल्याशिवाय सहवैमानिकांच्या जागा वाढत नाहीत. दुसरे म्हणजे विमानेच वेळेवर आलेली नाहीत. बोइंगकडून विमाने उशिरा मिळाल्याने अकासासारख्या कंपनीत नेमणूक झालेले वैमानिकही घरी थांबले, आणि प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांच्या दोषांमुळे २०२३ पासून अनेक ए३२० निओ जमिनीवर उभी राहिली. तिसरे कारण असे की मोठ्या कंपन्या आता बहुतेक सहवैमानिक आपल्या कॅडेट योजनेतून, म्हणजे सुरुवातीपासून स्वतः निवडून शिकवलेल्या मुलांतून, घेतात. अमरावतीच्या बेलोरा येथे एअर इंडिया स्वतःची उड्डाण अकादमी उभारते आहे, ती त्याच धोरणाचा भाग आहे. स्वतःच्या खर्चाने परवाना घेतलेल्या मुलामुलींना त्यामुळे उरलेल्या जागांसाठी झगडावे लागते. साताऱ्याच्या सैनिक स्कूलमधून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीमार्गे हवाई दलात गेलेले आणि निवृत्तीनंतर विमान कंपन्यांत आलेले वैमानिक मी पाहिले आहेत. तो मार्ग तिच्यासाठी आता उपलब्ध नाही, म्हणून त्याचा विचार सोडून द्यावा.

टाइप रेटिंगबाबत माझे मत ठाम आहे. कंपनीचे लेखी नेमणूकपत्र हातात नसेल, तर स्वतःच्या पैशाने टाइप रेटिंग करू नका. ते एका विमानप्रकारापुरतेच असते. ए३२० वर केले आणि नोकरी बोइंग ७३७ वाल्या कंपनीत मिळाली, तर तो खर्च वाया जातो. शिवाय ते ताजे ठेवावे लागते. कंपनीतील वैमानिकाची दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर परीक्षा होते; नोकरी नसलेल्याला त्याचे पैसे स्वतः मोजावे लागतात. परवाना मिळताच कर्जात आणखी वीस-पंचवीस लाख वाढवून बसलेली आणि वर्षभराने तेच पुन्हा करायला लागलेली मुले मी पाहिली आहेत.

त्याऐवजी तिने सहायक उड्डाण प्रशिक्षकाचे रेटिंग घ्यावे, असे मी सुचवीन. कराडच्या धावपट्टीवर उड्डाण प्रशिक्षण चालते, बारामतीला चालते, धुळ्याला आणि गोंदियाजवळच्या बिरसीला चालते. आणि या संस्थांना प्रशिक्षकांची उणीव कायम असते. मानधन फार नसेल, पण हे तास तिच्या लॉगबुकात प्रमुख वैमानिक म्हणून पडतील, आणि हेच तास पुढे १,५०० च्या परवान्यासाठी सर्वांत दुर्मिळ असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, शिकाऊ मुलाच्या चुका त्याच्या आधी ओळखणे आणि योग्य क्षणी हात पुढे करणे, हे ती वयाच्या तेविसाव्या वर्षी शिकेल. डाव्या खुर्चीचे निम्मे काम तेच आहे. सोबत एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवान्याच्या लेखी परीक्षांचा अभ्यास सुरू करावा, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचे दिसत नसताना केवळ उपकरणांवर उडण्याची पात्रता, खंडित होऊ देऊ नये, आणि अर्ज करताना मोठ्या कंपन्यांबरोबर लहान कंपन्याही पाहाव्यात. शेजारच्या कोल्हापुरातल्या घोडावत समूहाची स्टार एअर एम्ब्रायर विमाने चालवते. अशा प्रादेशिक कंपनीत पल्ले लहान असल्याने दिवसाला उतरणे जास्त होते, आणि विमान हातात बसते ते उतरण्यांनी.

मुलाखतीला गेल्यावर तिने पगाराच्या आधी एक प्रश्न विचारावा: गेल्या वर्षी या कंपनीतील किती सहवैमानिक कॅप्टन झाले आणि त्यांना त्यासाठी किती वर्षे थांबावे लागले? ज्या कंपनीकडे परदेशी कॅप्टन आहेत आणि या प्रश्नाचे उत्तरही आहे, तिथे खुशाल जावे. जगात वैमानिकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास असताना भारतात ते पंधरा टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे मुलगी म्हणून तिला वेगळी वागणूक मिळेल ही भीती, जी तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिली आहे, आता बरीच बाजूला ठेवता येईल. मी लागले तेव्हा तसे नव्हते.

तुम्ही लिहिले आहे की सांगलीला जाता-येता कवलापूरच्या जुन्या धावपट्टीकडे पाहून ती लहानपणापासून विमानाचे बोलायची. बागेची छाटणी उरकली की तिला घेऊन साताऱ्याला या. येताना मूळ लॉगबुक आणा, छायाप्रत नको. तिचे रात्रीचे आणि इन्स्ट्रुमेंटवरचे तास कोणत्या विमानावर आणि किती सलग झाले आहेत ते मला पाहायचे आहे, कारण प्रशिक्षकाच्या रेटिंगसाठी आधी काय भरून काढावे लागेल ते त्यावरून ठरेल.